भाव नको, माप सांगा

सोसायटीच्या कामासाठी तीन कोटेशन मागवली की आपलं कर्तव्य संपलं, असं बहुतेक मॅनेजिंग कमिट्यांना मनापासून वाटतं. तीन कागद फायलीला लावायचे, सगळ्यांत कमी आकडा ज्याचा असेल त्याला आणखी वीस-पंचवीस हजारांनी खाली ओढायचं आणि सभेत सांगायचं, 'बघा, किती घासून घेतला!' मंडळी खूश होतात. चहा येतो. मला या समारंभाविरुद्ध लिहायचं आहे. कारण त्या तिन्ही कागदांवर बहुधा एक गोष्ट नसते, आणि ती नसेल तर बाकीच्या आकड्यांना काडीचा अर्थ उरत नाही. काम किती आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आमची सोसायटी नागपुरात वर्धा रोडच्या बाजूला आहे. ३२ गाळे, चार मजले, वय वीसच्या पुढे. मी सॉफ्टवेअरवाला, घरून काम करतो, म्हणजे दिवसा सापडतो. तेवढ्या पात्रतेवर मला कमिटीत घेतलं गेलं. पहिल्याच बैठकीत टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा विषय होता. नागपूरच्या टेरेसवर काय गुदरतं ते नागपूरकराला सांगायला नको. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर भाजलेला स्लॅब जूनच्या पहिल्या सरीत ओला होतो, तडकतो. त्यात ज्याने-त्याने आपल्या कूलरला पाणी न्यायला काढलेल्या नळ्या वर्षानुवर्षं गळत असतात. वरच्या मजल्यावरच्या आठ घरांत पोपडे आले होते. काम गरजेचं होतं, त्याबद्दल वाद नव्हता.

कोटेशन समोर आलं. कामाचा तपशील, 'टेरेस वॉटरप्रूफिंग, जाळीसहित'. एकक, 'जॉब'. संख्या, १. रक्कम, ३ लाख ८५ हजार ४००. उरलेली दोन कोटेशन याच अक्षरातली वाटावीत इतकी सारखी, फक्त रक्कम वाढीव. मी विचारलं, 'टेरेस किती फूट आहे?'

एवढंच विचारलं. कोणाला चोर म्हटलं नाही, टक्केवारीचा विषय काढला नाही. पण खोलीतली हवा बदलली. अध्यक्षकाका म्हणाले, 'बेटा, तू आत्ता आला. हा माणूस दहा वर्षांपासून आपलं काम करून राहिला.' कोणीतरी हसून म्हणालं, 'आयटीवाल्यांना सगळं एक्सेलमध्ये पाहिजे असते जी.' आणि सेक्रेटरीकाकांचा चेहरा पडला. ते अकरा वर्षं हे काम बिनपगारी करतात. रात्री दोनला मोटर जळाली तर तेच खाली उतरतात. त्यांना माझा प्रश्न टेरेसबद्दलचा वाटलाच नाही. तो स्वतःबद्दलचा वाटला.

आपल्या सोसायट्या हिशेबावर चालत नाहीत, माणसावर चालतात. 'काका प्रामाणिक आहेत' हीच आपली लेखापद्धती. आता ही पद्धत सगळ्यांत जास्त कोणावर अन्याय करते? त्या प्रामाणिक काकांवरच. उद्या कोणी खरोखर आरोप केला, तर त्यांच्या हातात दाखवायला काय आहे? 'जॉब, १'. अकरा वर्षांची सेवा आणि पुरावा शून्य. बेइमान माणसाला कागद नसण्याचा फायदा होतो, इमानदार माणसाला तोटाच होतो. तरी कागद मागितला की राग इमानदार माणसालाच येतो. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

कायदा या बाबतीत भाबडा नाही. राज्याच्या आदर्श उपविधींत कमिटीच्या खर्चाला मर्यादा घातलेली आहे. दुरुस्तीवर एका वेळी २५ सभासदांपर्यंतच्या सोसायटीने २५ हजार, २६ ते ५० सभासद असतील तर ५० हजार आणि त्यापुढे १ लाख. त्याहून जास्त खर्च करायचा तर आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी. टेंडर न मागवता किती रकमेपर्यंत काम द्यायचं, तेही सभेनेच ठरवायचं. म्हणजे आमच्या ३२ गाळ्यांच्या कमिटीला पावणेचार लाखांचं काम चहा पिता पिता देऊन टाकायचा अधिकारच नव्हता. शिवाय कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सहकार कायद्याने सगळ्या सदस्यांवर एकत्रित आणि वैयक्तिक टाकलेली आहे. 'मी फक्त सही केली' ही सबब तिथे चालत नाही. मग सही करणाऱ्याने टेरेसचं क्षेत्रफळ विचारणं हा आगाऊपणा कसा?

आता तुम्ही म्हणाल, नियम कोण पाळतो? खरं आहे. पण इथे मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नागपूर हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांचं शहर आहे. बांधकाम, पाटबंधारे, जिल्हा परिषद, महापालिका, कुठल्याही स्कीममध्ये दोन-तीन सापडतात. आमच्याकडे एक काका शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आयुष्यभर मेजरमेंट बुक, म्हणजे एमबी, भरली. सरकारी कामात एमबीत लांबी, रुंदी, उंची चढल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरचं बिल निघत नाही. दर कुठून आला, तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची आहे, ती कोणालाही बघता येते. मोजायचं कसं, तर त्यासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. भिंतीच्या गिलाव्यातलं अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही, त्याहून मोठ्याचं काय करायचं, इतक्या बारकाईने त्यात लिहिलेलं आहे. हे सगळं ज्यांना पाठ आहे ते गृहस्थ त्या बैठकीत माझ्या शेजारी बसले होते आणि बिस्किट खात होते. नंतर जिन्यात म्हणाले, 'तुझं बरोबर होतं. पण आपल्याच माणसांत एमबी कुठून काढतं?'

आपल्याच माणसांत! म्हणजे परक्याच्या पैशाला माप आणि आपल्या पैशाला भरवसा.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं, आणि ते विदर्भात जास्तच जोरात येतं: 'एमबी भरून काय झालं? गोसीखुर्द पाहा.' पाहू या. वैनगंगेवरच्या या प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. २०१६च्या सुधारित मान्यतेत तो १८ हजार ४९४ कोटींवर पोचला. मधल्या काळात महागाई वाढली, जमिनीचे आणि पुनर्वसनाचे खर्च वाढले, आणि ज्याला आपण सिंचन घोटाळा म्हणतो तोही झाला. पण हे आकडे मी इथे लिहू शकतो ते का? मूळ अंदाजपत्रक होतं, सुधारित अंदाजपत्रकं होती, परिमाणं आणि दर लिहिलेले होते, म्हणून. कॅगला बोट ठेवायला ओळ तरी होती. कागदाने चोरी थांबली नाही, हे कबूल. पण ती चोरी म्हणून ओळखता आली ती कागदामुळेच. आमच्या टेरेसचं काम दुप्पट महाग पडलं असतं तरी ते दुप्पट आहे हे म्हणायलाही आमच्याकडे आधार नव्हता. कशाच्या दुप्पट? एका जॉबच्या?

पार्किंगमध्ये उभं राहून गोसीखुर्दवर तावातावाने बोलणारी मंडळी वर येऊन 'जॉब, १' वर सही करतात, तेव्हा मला हसू येत नाही.

शेवटी आम्ही मोजलं. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत, मी आणि तेच शाखा अभियंता काका. टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं. कॉन्ट्रॅक्टरला विचारल्यावर त्याने कोटेशनच्या मागे पेनाने लिहून दिलं होतं, ८,२०० फूट, दर ४७ रुपये. आमचं माप आलं ६,९४० फूट. पाण्याच्या टाकीचा ओटा, लिफ्टची खोली आणि जिन्यावरची खोली त्याने बहुधा वजाच केली नव्हती. फरक १,२६० फुटांचा.

त्याला बोलावलं. तो म्हणाला, 'साहेब, कठड्याच्या कडेने वर एक फूट कोटिंग चढवतो, ते धरलं का तुम्ही?' धरलं नव्हतं, कारण कोटेशनमध्ये ते काम आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. कठडा फिरून ३९० फूट भरला. त्याचा मुद्दा रास्त होता, तो मान्य केला. उरले ८७० फूट, म्हणजे ४० हजार ८९० रुपये. घरामागे तेराशेच्या आत. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण त्याने आकांडतांडवही केलं नाही. दर तोच ठेवून बिल कमी करायला तयार झाला. माणूस वाईट नाही. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

तेराशे रुपयांसाठी एवढा गाजावाजा, असं ज्यांना वाटतं त्यांना माझं म्हणणं अजून पोचलेलं नाही. आमच्या कमिटीने तर आधीच ३ लाख ८५ हजारांचे ३ लाख ६० हजार करून घेतले होते, आणि त्याचा अभिमानही बाळगला होता. ते पंचवीस हजार कॉन्ट्रॅक्टर कुठून काढणार होता? खिशातून? तो काढणार केमिकलमधून. तिसरा हात मारायचा नाही, दुसऱ्यात पाणी जास्त. 'जॉब' या एककाची खुबीच ही आहे, त्यात किती हात, किती लिटर, कुठली जाळी हे काहीच बांधलेलं नसतं. तुम्ही भाव पाडता, तो माप पाडतो, आणि दोघंही जिंकल्यासारखे घरी जातात. हरतात ती वरच्या मजल्यावरची आठ घरं, दोन पावसाळ्यांनंतर. डब्यावर कंपनीने छापलेलं असतं की एका लिटरमध्ये किती फूट बसतं. क्षेत्रफळ माहीत असेल तर किती डबे लागायला हवेत हे सातवीतला मुलगा सांगेल. मग रिकामे डबे खाली वॉचमनच्या खोलीत मोजून ठेवायचे, की झालं. याला इंजिनीअरिंगची पदवी लागत नाही.

पक्क्या बिलाचाही असाच तमाशा. 'बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वर लागतील' हे वाक्य ऐकलं नाही असा कमिटी मेंबर महाराष्ट्रात नसेल. मग रोखीने, कच्च्या पावतीवर. एका कामाचं बिल ३० हजारांच्या वर गेलं की कॉन्ट्रॅक्टरच्या पैशातून टीडीएस कापणं सोसायटीला बंधनकारक आहे, हे खजिनदारांना ठाऊक असतं. 'ऑडिटर पाहून घेईल' हेही ठाऊक असतं. आणि सहा महिन्यांत छत पुन्हा गळलं तर गॅरंटी मागायची कोणत्या कागदावर?

माझ्या पिढीलाही सोडत नाही. आमच्या सोसायटीत ॲप आहे. पिझ्झा घेऊन आलेला मुलगा किती वाजून किती मिनिटांनी गेटमधून आत आला, याची नोंद त्यात आहे. मोलकरणीच्या सुट्ट्यांची आहे. बाकीदारांना आपोआप स्मरणपत्रं जातात. पण ३२ कुटुंबांचे पावणेचार लाख ज्या टेरेसवर जाणार होते, तिचं क्षेत्रफळ त्यात कुठेच नव्हतं. गरिबाची ये-जा मोजायला आपण उत्साहाने पैसे भरतो.

आणि कॉन्ट्रॅक्टरची बाजूही ऐकून घ्या, कारण ती कमिटीत कोणी मांडत नाही. त्याने मला सांगितलं की सोसायट्या शेवटचं बिल वर्ष-वर्ष अडवतात. 'अजून थोडं गळतं' म्हणायचं आणि दहा-वीस हजार ठेवून घ्यायचे. काम पूर्ण झालं म्हणजे काय, हेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे पूर्ण कधीच होत नाही. मग तो ते वीस हजार आधीच कोटेशनमध्ये चढवतो. दोन्हीकडून अविश्वास आणि वरून 'आपला माणूस'.

सेक्रेटरीकाका अजून माझ्याशी तुटक बोलतात. पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी मी एक ठराव दिला आहे. ५० हजारांच्या वरच्या कोणत्याही कामाचं माप कोटेशन मागवण्याआधी दोन सभासदांनी घ्यावं, ते नोटीस बोर्डवर लावावं, तिन्ही कॉन्ट्रॅक्टरांना तोच कागद द्यावा, आणि बिल त्याच ओळींवर, झालेल्या कामाचं पुन्हा माप घेऊन चुकतं करावं, पंधरा दिवसांच्या आत. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून शाखा अभियंता काकांनी सही केली, पण त्याआधी मसुदा दोनदा वाचला आणि 'अंदाजे' हा शब्द खोडला.