चवदार तळ्याचं पाणी, वालधुनीचं पाणी

पाण्याला जात नसते असं शाळेत शिकवतात. साफ खोटं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला ओंजळभर पाणी प्याले, ते काय तहान लागली म्हणून? माणूस म्हणून हक्क सांगायला प्याले. तेव्हा आम्हाला पाण्यापर्यंत पोचू देत नव्हते. आज उलटं झालंय. सगळ्यांनी वापरून, कारखान्यांनी नासवून झालं की तेच पाणी आमच्या दारात आणून सोडतात. घ्या म्हणे हक्क!

मी वालधुनीच्या काठाला राहतो आणि गोदीत हमाली करतो. ही नदी अंबरनाथकडून निघते, उल्हासनगर करीत कल्याणला उल्हास नदीत पडते. तिथनं पुढं खाडी. एक अंग वसईकडे जातं, एक चिंचोळा फाटा ठाणे खाडीत, आणि ठाणे खाडी थेट मुंबई बंदरात. म्हणजे वर ओतलेलं खाली कुणाच्या तरी ताटात येतंच. कुणाच्या, ते बघा.

२९ नोव्हेंबर २०१४. उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधलं रसायन ओतलं गेलं. वायू उठला. शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यात. तेवढ्यापुरती बातमी झाली. पण रोज थोडं थोडं ओतलं जातं त्याची बातमी होत नाही, कारण रोज थोडं थोडं मरणाऱ्याची बातमी होत नसते. आमच्या आळीत पोरांच्या अंगावर चट्टे उठतात. डॉक्टर सांगतो, साबण लावा, स्वच्छता पाळा. नदीला काय झालंय, हे तो विचारीत नाही.

आता पाऱ्याचं ऐका. कॉस्टिक सोड्याच्या जुन्या कारखान्यांत पारा वापरायचे. तो सांडपाण्यातून खाडीत गेला. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ सालीच लिहून ठेवलंय. पारा चिखलात बसतो. तिथले जिवाणू त्याचं जहाल विष करतात. ते किड्यातून बारक्या मासळीत, बारकीतून मोठीत, मासळीतून आईच्या रक्तात, आणि आईच्या रक्तातून पोटातल्या पोराच्या मेंदूत. जपानात मिनामाटाला हेच झालं. आधी मांजरं पिसाळल्यागत नाचून मेली, मग कोळ्यांची पोरं लुळी पडली. १९५६ ला रोग उघड झाला आणि सरकारनं कारखान्याचा गुन्हा मान्य केला १९६८ ला. बारा वर्षं! मरणारे कोळी होते ना, साहेब नव्हते.

इथं मिनामाटा झालंय असं मी म्हणत नाही. मी विचारतो, काठावरच्या बाईचं रक्त तपासायला आमच्या आळीत कोण आलं?

नुसता पाराच नाही. शहराचा मैलाही त्याच पाण्यात. कालव, तिसरी ही जनावरं पाणी गाळूनच जगतात. पाण्यातला जंतू, धातू पोटात साठवतात. अर्धवट शिजवून खाल्लं की कावीळ, हगवण. पैसेवाला बर्फातला पापलेट घेतो. निवट्या, चिंबोऱ्या, खाडीची बोय कोण खातं? कोळी, आगरी, कातकरी, आणि आपण. गरिबाचं कालवण खाडीतनंच येतं.

ठाणे खाडीत २०१५ ला फ्लेमिंगोचं अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर यादीत नाव लागलं. झकास झालं. पाखरांशी आमचं वैर नाही. पण त्याच चिखलात गुडघाभर उतरून निवट्या धरणाऱ्या बाईला कसलं अभय? २०१५ लाच हरित लवादानं उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल नगरपालिका आणि सांडपाणी केंद्रांना सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोटींचा हिशोब मांडला. त्यात काठावरच्या माणसाच्या फुफ्फुसाचा रकाना कुठाय?

आणि एक डाव ओळखून ठेवा. खाडी साफ करायची म्हणजे काठावरच्या झोपड्या उठवायच्या, असा अर्थ पांढरपेशे काढतात. झोपडीतून मैला जातो, खरंय. गटार दिलंच नाही तर जाणार कुठं? पण पारा काय आमच्या चुलीतनं येतो? टँकर काय आमची म्हातारी रिकामा करते? आम्हाला हटवाल, तर घाण तिथंच राहील. फक्त साक्षीदार जातील.

म्हणून मागणी मांडा. पाण्याचा नुसता वास घेऊन अहवाल नको. चिखल तपासा, मासळी तपासा, गरोदर बायांचं आणि पोरांचं रक्त तपासा. निकाल मराठीत, वस्तीच्या फळ्यावर लावा. कुठल्या नळातून काय येतं, ते नावानिशी लावा. १९७४ चा पाण्याचा कायदा आमच्या जन्माआधीचा आहे. तो कपाटातून बाहेर काढा.

महाडला आपण पाण्याला शिवण्याचा हक्क घेतला. आता शिवल्यावर रोग होणार नाही असं पाणी घ्यायचंय. भीक म्हणून नाही. तेव्हाही भीक मागितली नव्हती.