मुलींच्या हाती पावतीपुस्तक

ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीस वर्गणी नवीन नाही. भाद्रपद जवळ आला की लष्करच्या गल्ल्यांतून पावतीपुस्तके हिंडू लागतात. परंतु ती बहुधा मुलग्यांच्या हाती असतात. मुलींनी रांगोळ्या काढाव्यात, आरास करावी. पैसे मागणे आणि त्यांचा हिशेब देणे हे त्यांचे काम नव्हे, अशी एक मूक समजूत आपल्या घरांतून नांदते आहे. तिच्याविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींची भगिनीमंडळे असतात व आरोग्यकार्यासाठी निधी जमविण्याची त्यांची जुनी प्रथा आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ‘अल्फा कप्पा अल्फा’ हे मंडळ स्थापन केले. १९३५ च्या उन्हाळ्यात या मंडळाच्या भगिनी, डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली, मिसिसिपीतील गरीब शेतमजुरांसाठी दवाखाने उघडावयास गेल्या. मळेवाल्यांनी मजुरांस दवाखान्यात जाऊ दिले नाही. तेव्हा या भगिनी आपल्या मोटारी घेऊन मळ्यांवरच पोहोचल्या. १९४२ पर्यंत हे कार्य चालले आणि हजारो मुलांस घटसर्पाच्या व देवीच्या लसी मिळाल्या. निधीचे मोल रकमेत नसून, तो घेऊन आपण कोणाच्या दारापर्यंत जातो यात आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्या देशातही क्षयरोग निवारणासाठी १९५० पासून ‘टी.बी. सील’ची मोहीम सुरू झाली व शाळांतील मुलामुलींनी ती चिमुकली तिकिटे घरोघर विकली. क्षय आपल्यास परका नाही. १८८६ साली फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, याच रोगाने गेल्या. आज औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. उणीव असते ती अन्नाची. झारखंडातील चार जिल्ह्यांत झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्या माणसांस दरमहा तांदूळ, डाळ इत्यादी शिधा दिला गेला. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. मूठभर डाळही औषधाचे काम करते, याहून अधिक पुरावा कशास हवा?

शासन रुग्णास पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. शिवाय २०२२ साली ‘निक्षय मित्र’ योजना आली. तीत कोणीही व्यक्ती वा संस्था, रुग्णाच्या संमतीने, निदान सहा महिने त्याच्या शिध्याचा भार उचलू शकते. आमच्या कमलाराजा कन्या महाविद्यालयासारख्या ठिकाणी दहा मुलींचा एकेक गट एकेका रुग्णाचा मित्र झाला, तर काय अशक्य आहे?

‘मुलींनी दारोदार हिंडावे काय?’ असे आजीबाई विचारतील. त्यांची काळजी रास्त आहे. म्हणून मुलींनी दोघी-तिघींनी मिळून, दिवसाउजेडी जावे. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. जमाखर्च महिन्याच्या महिन्यास फलकावर लावावा. आणि रुग्णाचे नाव कोठेही उच्चारू नये. हिशेब चोख ठेवणारी मुलगी पुढे संसारात वा कचेरीत कोणाकडून फसत नाही, हे आम्ही अध्यापनाच्या अनुभवाने सांगतो.

याहून मोठा लाभ निराळाच आहे. आपल्या घरांतून मुलीचा खोकला लग्न जमेपर्यंत लपविला जातो. रोग बरा होण्याजोगा असतो, पण बोभाट्याच्या भयाने दवाखान्याची पायरी उशिरा चढली जाते आणि कधी त्या उशिराचे मोल प्राणांनी द्यावे लागते. ज्या दारात एखादी विद्यार्थिनी ‘क्षयरुग्णांसाठी वर्गणी द्या, काकू’ असे मोकळेपणाने म्हणेल, त्या घरात तो शब्द निदान एकदा तरी उघड उच्चारला जाईल. कदाचित आतल्या खोलीत खोकणाऱ्या लेकीसही तो ऐकू जाईल.

येत्या संक्रांतीस हळदीकुंकवाच्या वाणावर जो खर्च व्हावयाचा, त्यातील निम्मा या कामी काढून ठेवावा, अशी भगिनीवर्गास आमची विनंती आहे. आणि तो गोळा करण्याचे पावतीपुस्तक घरातील लेकीच्या हाती द्यावे.