गोळी लिहिण्याआधीचा एक प्रश्न

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. काही दिवसांत ती चालू लागली. दोन वर्षांनी हेंच यांच्यासह तिघांना या कामासाठी नोबेल मिळाले. पण औषधाचा वापर वाढला तसे डॉक्टरांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. काही रुग्णांची झोप उडत होती, काही जण अवाजवी उत्साहात बडबडत होते, काहींना भास होत होते. सांध्यांसाठी दिलेले औषध मनापर्यंत पोचले होते.

यात नवल नाही. कॉर्टिसोन हे शरीरात तयार होणाऱ्या कॉर्टिसॉलचेच भावंड. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात, पण हुकूम मेंदूतून सुटतो. पहाटेपासून त्याची पातळी चढते, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते, ताण आला की उसळते. पुरेसे झाले की मेंदू हुकूम थांबवतो. बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी विकारात मन कधी उन्मादाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला जाते. अशा रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल सरासरीने अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून रक्तातले कॉर्टिसॉल मोजून या विकाराचे निदान करता येते असे मात्र नाही. हा फरक सरासरीचा आहे आणि कारण कोणते, परिणाम कोणता, हे अजून सुटलेले नाही.

पण बाहेरून दिलेल्या स्टेरॉइडने मन ढवळून निघते, यात शंका नाही. प्रेडनिसोन घेणाऱ्या रुग्णालयीन रुग्णांची बोस्टनमधील पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत डोस असलेल्यांत मानसिक त्रासाचे प्रमाण १.३ टक्के होते, ८० मिलिग्रॅमच्या वर ते १८.४ टक्के झाले. दमा, संधिवात, त्वचाविकार अशा कितीतरी आजारांत ही औषधे आपल्याकडेही सर्रास दिली जातात. ती जीव वाचवतात, म्हणून त्यांना घाबरून चालणार नाही. परंतु ‘तुम्हाला किंवा घरात कुणाला बायपोलरचा त्रास आहे का?’ हा प्रश्न गोळी लिहिण्याआधी किती जण विचारतात?

हाच प्रश्न प्रसूतिगृहातही विचारायला हवा. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्टेरॉइड संप्रेरक खूप वाढते. त्यापासून बनणारा एक घटक मेंदूला शांत ठेवणाऱ्या यंत्रणेला बळ देतो. बाळंतपणानंतर वार पडते आणि ही पातळी काही दिवसांत कोसळते. त्यात जागरणांची भर पडते. बायपोलर असलेल्या स्त्रीसाठी हा काळ सर्वांत धोक्याचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, गरोदरपणात औषधाविना राहिलेल्या अशा स्त्रियांपैकी सुमारे ६६ टक्के जणींचा आजार बाळंतपणानंतर उलटला. औषध सुरू असलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. तरीही ‘बाळाला त्रास होईल’ म्हणून घरचेच गोळ्या बंद करतात. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे गर्भाला घातक आहेत हे खरे. त्यावर उपाय मात्र दिवस राहण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध बदलणे हा आहे, परस्पर बंद करणे हा नाही.

आपल्याकडे अडचण नेमकी इथे आहे. मधुमेह विचारला की लोक पटकन सांगतात, मनाचा आजार मात्र लपवतात. सून आजारी होती हे माहेरचे सांगत नाहीत, सासरचे कळले तरी बोलत नाहीत. मग बाळंतीण तीन रात्री झोपली नाही, अखंड बोलते आहे, बाळाबद्दल भलतेसलते सांगते आहे, तर ते बाहेरचे काहीतरी ठरते आणि उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात. अशा वेळी तातडीने डॉक्टर गाठायला हवा. आई आणि बाळ दोघांच्या जिवाचा तो प्रश्न असतो.

खर्च काहीच नाही. केसपेपरवर रक्तदाब आणि साखरेच्या शेजारी मनाच्या आजाराची एक ओळ असावी. गरोदर स्त्रीची नाव नोंदणी होते त्याच दिवशी ती भरली जावी. स्टेरॉइडचा मोठा डोस लिहिताना डॉक्टरांनी घरच्यांना सांगावे की झोप उडाली किंवा वागणे बदलले तर लगेच कळवा, गोळी मात्र एकदम थांबवू नका. रुग्णांनीही न विचारता सांगावे. कुणाशी बोलावे हे सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

एका संप्रेरकाच्या चढउताराने माणूस आरपार बदलू शकतो, हे कॉर्टिसोनने सात दशकांपूर्वीच दाखवले. तरीही बायपोलरच्या रुग्णाला आपण ‘नाटकी’ आणि ‘कमकुवत मनाचा’ म्हणतो. हे शब्द बंद झाले, तरच केसपेपरवरच्या त्या ओळीत खरे उत्तर लिहिले जाईल.