खारबांध कोणाचा?

उरण तालुक्यांत आजकाल जमिनीच्या भावावांचून दुसरें बोलणें ऐकूं येत नाहीं. अटल सेतू व उरणपर्यंतची रेल्वे यांचें उद्घाटन एकाच दिवशीं, १२ जानेवारी २०२४ रोजीं झालें. त्याच वर्षीं उरण, पनवेल व पेण मिळून १२४ गांवांच्या हद्दींत नवें नगर वसविण्याची अधिसूचनाही निघाली. तेव्हां भाव चढले यांत नवल नाहीं. मात्र भाव ठरवितांना एक रकम कोणीच धरीत नाहीं. ती म्हणजे खारबांध.

उरण हें मूळचें करंजा बेट. भोंवतालच्या खाडीस बांध घालून पूर्वजांनीं कांहीं भागांत मीठ पिकविलें, कांहीं भागांत भात. मिठागरास खारें पाणी हवें, भातास नको. परंतु दोहोंचा जीव बांधांतच. उधाणाचें पाणी आगरांत कोंडून उन्हानें आटवावयाचें व मीठ ओढावयाचें, हें काम आगरी मंडळी पावसाळ्यापर्यंत करीत, आणि पाऊस लागतांच तींच माणसें लावणीस उतरत. शिवाय शेततळ्यांत जिताडा वाढे. एका घराचें वर्ष अशा तीन धंद्यांवर निघे. (मोहाच्या दारूच्या भट्ट्यांनींही उरणचें नांव एके काळीं गाजविलें होतें, पण त्या धंद्यांत शेतकऱ्याचें हित कधींच नव्हतें.)

महसूल खात्यांत उभी हयात कागद हाताळण्यांत गेली, म्हणून सांगतों. सात-बारावर मालक, क्षेत्र, आकार व पीक येतें. बांध कोणी राखावयाचा तें येत नाहीं. पूर्वीं ही गोष्ट जमिनीच्या धाऱ्यांतच गोंवलेली असे. शिलोत्री जमिनींत शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखी व त्याबद्दल कुळाकडून बिघ्यामागें एक मण भात घेई. कुलारग जमिनींत कुळेंच मिळून बांध राखीत. घरटी माणूस देऊन बांध घालण्याच्या या चालीस जोळ म्हणत. पुढें १९४८ व १९७९ सालीं खारजमिनींचे कायदे झाले. सरकारी योजनेंतील बांध खात्याकडे गेले, खाजगी बांध मालकांच्या गळ्यांत राहिले, आणि माझ्या मतें सरकार करील या भरंवशावर जोळ मात्र दोन्हीकडे मोडली.

नवी मुंबईसाठीं १९७० पासून व पुढें न्हावा-शेवा बंदरासाठीं जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्यांत १९८४ च्या जानेवारींत पांच जणांनीं गोळीबारांत प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्यांतून आला. पण तो हिशोबही क्षेत्राचाच. जी शेतें मागें राहिलीं त्यांचा बांध कोणाच्याच हिशोबांत आला नाहीं.

आतां खाजगी व्यवहारांत तेंच चाललें आहे. एका बंदिस्तींत पन्नास खातेदार असावे व दहांनीं विकावें. घेणाऱ्यास भात नको, भराव घालून गोदाम हवें. उघाडीची फळी कुजते, खेंकडे बांध पोखरतात, आणि एखाद्या उधाणांत खांड पडते. मग बुडतात ते न विकणारे चाळीस. काळा राता, भुरा राता हे जुने वाण किंवा पनवेलच्या केंद्राचे नवे वाण क्षार सोसतात, समुद्र सोसत नाहींत. मीठ धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे लागतात. तेवढ्यांत शेतांत तिवरें उगवलीं तर प्रकरण संपलें. कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानें खाजगी जमिनींतलींही कांदळवनें तोडतां येत नाहींत. निकाल किनाऱ्याच्या हिताचा आहे, त्याविरुद्ध माझें म्हणणें नाहीं. पण नांव आपलें, आकार आपण भरावयाचा, आणि नांगर घालावयाची सोय नाहीं, ही स्थिति खांड वेळेवर न बुजविल्यामुळें येते.

मजूर मिळत नाहीं, पीक एकच, मुलें बंदराकडे जातात, हें सर्व खरें. विकूंच नका असें कोणास सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु विकणाऱ्यानें बांधाच्या दुरुस्तीचा आपला वांटा घेणाऱ्यावर राहील असें खरेदीखतांत लिहून घ्यावें, व तो बोजा इतर अधिकारांच्या रकान्यांत नोंदविण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा. राहिलेल्या खातेदारांनीं आपल्या बंदिस्तीचा नकाशा, उघाड्यांची संख्या व प्रत्येकाचा वांटा ग्रामसभेंत वाचून ठराव करावा. हें काम चैत्रांतच व्हावें, म्हणजे पावसापूर्वीं माती टाकण्यास दोन महिने मिळतील.