सोमवारचा सिनेमा: ‘श्यामची आई’ जुनी की नवी?

तुमच्या घरात सिनेमावरून भांडण होतं का? आमच्याकडे होतं, आणि तेही ठरलेल्या वारी. करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असतो, त्यामुळे आमचा रविवार सोमवारी येतो. बँक स्ट्रीटवरच्या सोन्याच्या दुकानांची शटरं खाली, बाबांची भट्टी थंड, दादा दुपारी दोनपर्यंत अंथरुणात. मी घरून काम करते, मला सोमवारी सुट्टी नसते. पण संध्याकाळी सात वाजले की मीही लॅपटॉप मिटते. साडेसातला दादा मोबाईल टीव्हीला जोडतो आणि रैगरपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये सात माणसं एका मराठी सिनेमासमोर बसतात. आज्जीला खुर्ची, बाबांना भिंत, बाकी आम्ही सतरंजीवर.

मराठीच का, असं मला कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या. अगं, तुम्ही दिल्लीत जन्मलात, शाळा हिंदी-इंग्रजीतली, मग? त्यासाठी आमचा धंदा सांगावा लागेल. आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे. तिकडे पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. केरळपासून दिल्लीपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, एखाद्या गल्लीत विट्याकडचं कुणीतरी भेटेलच. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात त्यातलं तांबं-चांदी काढायची, शुद्ध सोनं परत द्यायचं. कारागिरांच्या दुकानात झाडून काढलेली धूळसुद्धा आम्ही विकत घेतो, कारण त्या धुळीत सोनं असतं. बाबा 1985 मध्ये चौदा वर्षांचे असताना इथे आले, एका शेठकडे कामाला. आज स्वतःचं छोटं दुकान आहे.

अशा घरात मराठी टिकते ती आज्जीमुळे आणि सिनेमांमुळे. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. तो मला ‘आत्या’ म्हणतो, पण पुढचं सगळं हिंदीत. त्याला जी थोडी मराठी येते, त्यातली निम्मी ‘अशी ही बनवाबनवी’मधली आहे. 1988 चा सिनेमा, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. तरी अशोक सराफ दारात दिसले की तो हसायला तयार असतो. त्या सिनेमावर आमच्यात मतभेदच नाहीत. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, हे मी एकदा सांगायला गेले तर आई म्हणाली, “असू दे, आपल्यांनी चांगली केली.” विषय संपला.

थिएटरात मराठी सिनेमा बघायला मिळणं दिल्लीत दुर्मीळच. लिबर्टी आमच्या जवळ आहे, पण तिथे मी मराठी सिनेमा पाहिलेला नाही. एखादा गाजलेला लागतो तो कुठल्यातरी मॉलमध्ये, एकच खेळ, भलत्याच वेळेला. ‘सैराट’ आम्ही 2016 मध्ये असाच शोधून पाहिला होता. खाली इंग्रजी ओळी यायच्या आणि अर्धं थिएटर त्या वाचून हसायचं. आम्ही त्यांच्या आधी हसत होतो. करमाळ्याकडची ती बोली आमच्या आज्जीच्या बोलीची चुलतबहीणच. पंधरा-सोळा वर्षांची मी तेव्हा, आणि पहिल्यांदाच वाटलं की घरात बोलतो ती भाषा चारचौघांतही चालते. नंतर बी.ए.ला मला इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बऱ्याच आया शिकवल्या गेल्या. श्यामची आई मात्र अभ्यासक्रमात नव्हती. ती आज्जीकडून ऐकली.

आता मुद्द्यावर येते. 23 सप्टेंबर 2025 ला विज्ञान भवनात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. विज्ञान भवन आमच्या घरापासून मेट्रोने अर्ध्या तासावर. आम्ही अर्थातच ते मोबाईलवर पाहिलं. तुम्हीही पाहिलं असेल, ‘नाळ 2’मधली चिमुरडी त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींसमोर गेली आणि सगळ्या देशाने कौतुक केलं. शाहरुख खान समोर बसलेला असताना आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष त्या साडीकडे होतं. त्याच समारंभात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला सुजय डहाकेंच्या ‘श्यामची आई’ला. आणि आज्जी एकदम म्हणाली, “ह्याला तर आधीच मिळालंय की!”

आज्जीचं चुकलं नव्हतं. 1953 ची आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’ आणि ही 2023 ची, दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार. जुनीचा मान तर फार मोठा. हे पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले आणि देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या सिनेमाला मिळालं. हिंदी नाही, बंगाली नाही, मराठी! त्यानंतर तो मान मराठीला परत मिळाला तो थेट 2004 मध्ये, ‘श्वास’मुळे. मध्ये पन्नास वर्षं गेली. शेजारच्या पंजाबी काकूंना हे सांगताना मी जरा छाती काढूनच सांगते.

तर ठरलं, एका सोमवारी जुनी बघायची, पुढच्या सोमवारी नवी. आणि मग निकाल.

जुनी लागली तेव्हा आज्जीने टीव्हीला नमस्कार केला. वनमालाबाईंचा चेहरा पडद्यावर आला की ती काही बोलत नाही. मला या वेळी एक गोष्ट नव्याने कळली आणि भारी आवडली. कोकणातल्या त्या गरीब घरातली आई झालेल्या वनमालाबाई होत्या ग्वाल्हेरच्या, म्हणजे आमच्यासारख्याच उत्तरेत वाढलेल्या मराठी. त्याआधी त्या सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये झळकलेल्या. माधव वझेंचा श्याम इतका साधा आहे की तो अभिनय करतोय हे विसरायला होतं. द्रौपदी आणि कृष्णाचं ते आशा भोसलेंच्या आवाजातलं गाणं सुरू झालं आणि आईने डोळ्यांना पदर लावला. वसंत देसाईंची चाल, शब्द अत्र्यांचेच. भाच्याने विचारलं, “आत्या, ये कलर में क्यों नहीं है?” मी म्हटलं, जुनं आहे म्हणून. पुढच्या सोमवारी 2023 चा सिनेमाही काळापांढरा निघाला आणि माझं उत्तर फुकट गेलं.

दादाला नवी आवडली. त्याचं म्हणणं, तिच्यात साने गुरुजी माणूस म्हणून दिसतात. ओम भूतकरचे गुरुजी तुरुंगात आहेत, स्वातंत्र्याची लढाई चालू आहे, आणि त्या सगळ्यात त्यांना आई आठवते. हे खरंही आहे, पुस्तक गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगातच लिहिलं, तेही पाच दिवसांत. जुन्या सिनेमात आपण श्यामसाठी रडतो, नव्यात हा श्याम पुढे काय झाला तेही बघतो, असं दादा म्हणाला. दादा एरवी क्रिकेटशिवाय कशावर इतकं बोलत नाही. गौरी देशपांडेंची आई मलाही आवडली. ती दमते. वनमालाबाईंची आई मला कधी दमलेली वाटली नाही, तिच्यापुढे आपण कायम हात जोडून उभे. मला दमणारी आई जवळची वाटते. पण मला जुनीतलाच चेहरा आठवत राहतो, हेही खरं. म्हणून माझं मत अर्धं अर्धं, आणि आमच्या घरात अर्ध्या मताला किंमत नाही.

खरं भांडण पेटलं ते पोहण्यावरून. तुम्हाला प्रसंग आठवत असेल. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, शिमटीने मारते आणि विहिरीवर धाडते. नंतर तीच त्याच्यासाठी दही काढून ठेवते, कारण लोकांनी पोराला भित्रा म्हटलेलं तिला सहन होणार नसतं. वहिनी इथल्या एका शाळेत नर्सरीला शिकवते. ती म्हणाली, “आज्जी, हे चूक आहे. घाबरलेल्या मुलाला मारून पाण्यात ढकलायचं नसतं. आमच्या शाळेत असं कुणी केलं तर नोकरी जाईल.”

“आगं, मारल्याबिगर पोरगं पाण्यात शिरतंय व्हय?”

“तुम्ही किती मुलांना पोहायला शिकवलंत?”

“आमच्या हिरीला पाणीच नव्हतं, पवायचं कुठं?”

हसून हसून पुरेवाट झाली, पण वहिनी मागे हटली नाही. तिचं म्हणणं मला पटतं. ती आई थोर आहे, म्हणून तिचं सगळंच आजच्या आईने करावं असं नाही. आपल्याकडे एखादीला देवी केलं की तिच्या हातातली शिमटीसुद्धा पुजायला घेतात. वहिनीने तेवढ्यात सासूकडे बघून एक वाक्य टाकलं, “आणि प्रत्येक आईला या आईशी मोजतात, ते वेगळंच.” माझी आई गप्प होती. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, “बरोबर बोलली ती. मला कुणी बोलू दिलं नव्हतं.”

हे सगळं दुसऱ्या सोमवारी, सिनेमा थांबवून चाललेलं. मग पुढचा भाग सुरू झाला. शेवट सगळ्यांनाच माहीत आहे. आई आजारी पडते, श्याम लांब शिकायला असतो आणि तो घरी पोहोचतो तेव्हा ती गेलेली असते. भाचा म्हणाला, “इसको किसी ने बताया क्यों नहीं?” वहिनी म्हणाली, “हो ना, मुलाला आधीच कळवायला नको?”

यापुढचं मी बाबांना विचारून लिहितेय.

भिंतीला टेकलेले बाबा म्हणाले, “कळवणारे असतातच तसले. आमच्या तात्यासारखे.”

तात्या म्हणजे बाबांचे चुलते. 1989 मध्ये लग्नसराईत आजोबा आजारी पडले आणि दहा-बारा दिवसांत गेले. तार आली ती शेवटच्या दिवशी. बाबा तेव्हा अठरा वर्षांचे. पुण्यापर्यंत रेल्वे, तिथून एसटी, गावात पोहोचले तेव्हा तिसरा दिवस होता. आज्जीला लिहिता येत नव्हतं, गावाकडून पत्रं तात्याच लिहायचे. एवढ्या दिवसांत तात्यांना एक कार्ड टाकता आलं नाही, हे बाबांच्या मनातून कधी गेलं नाही. ते तात्यांशी बोलेनासे झाले. 2011 मध्ये तात्या गेले, तेव्हाही बाबा गावी गेले नाहीत. आम्हा मुलांना एवढंच माहीत होतं की तात्यांचं नाव घरात काढायचं नाही.

आज्जीने सिनेमा बंद करायला सांगितला नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, “तात्यांनी कार्ड लिवलं हुतं. म्या टाकू दिलं न्हाई.”

कुणी काही बोललं नाही. तीच पुढे म्हणाली, “तू काम सोडून आला असतास. शेठनं पगार कापला असता. औषिद तुझ्याच मनिऑर्डरीवर येत हुतं. मला वाटलं, उठतील दोन दिवसांत.” मग थोड्या वेळाने, “तात्यास्नी म्याच म्हनले, कुनाला सांगू नका.”

बाबा उठून गॅलरीत गेले. भाचा त्यांच्या मागे गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, “दादाजी नीचे देख रहे हैं, बस.” आम्ही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, पण काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. त्या रात्री जुनी की नवी याचा निकाल लागलाच नाही.

मला आज्जीचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. बावीस वर्षं एक माणूस दुसऱ्याची चूक डोक्यावर घेऊन जगला आणि तसाच गेला. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, मध्ये कधीच का नाही सांगितलंस? ती मेथी निवडत होती. म्हणाली, “आधी भ्या वाटलं. मग उशीर झाला. मग लईच उशीर झाला.” यावर मी काय बोलणार. मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली आणि निवडायला बसले.

पुढच्या सोमवारी सकाळी बाबांनी दादाकडून एक नंबर मिळवला. तात्यांचा मुलगा कोइमतूरला आहे, तोही गलाईतच. बाबांनी जेवण झाल्यावर फोन लावला. पहिली पाच मिनिटं दोघं सोन्याचा भाव बोलले. दिल्लीत काय चाललाय, तिकडे काय चाललाय, तेजाब कितीला मिळतं. मग बाबांनी आमच्याकडे पाहिलं, चप्पल घातली आणि फोन कानाला लावूनच गच्चीवर गेले.

आज्जीने विचारलं, “आज कंचा हाय?”

दादाने ‘बनवाबनवी’ लावला. आवाज जरा कमीच ठेवला, गच्चीचा दरवाजा उघडा होता.