सुतावरून मोटार

दिवाळीला जालन्यास सासुरवाडीला गेलो, तो अंगणात मारुती ८०० पोट फाडून ठेवलेली! इंजिन भिंतीशी, शेजारी विजेची मोटर, आणि तेलकट हातांनी चहा पीत बसलेले आमचे मेहुणे.

“दाजी, पाडव्याला हिच्यातूनच फिरायचं!”

“कोणत्या पाडव्याला, तेही विचारून घ्या,” आतून वहिनी म्हणाल्या.

गाडी सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. इंजिन जाम झाले, तेव्हा ती भंगारात निघाली होती. आणि जालन्यात भंगार म्हणजे सरळ भट्टी. गाडीची सळई होऊन कोणाच्या तरी स्लॅबमध्ये गेली असती. मेहुण्यांना ते सोसवेना.

आमची समजूत अशी की, यात अवघड ती बॅटरी. छे! बॅटरी आणि मोटर पैसे टाकले की मिळतात. खरी अडचण मोटरीचा दांडा आणि जुना गिअरबॉक्स यांच्या सोयरिकीची. मोटरीच्या दांड्याला चावीची खाच, गिअरबॉक्सच्या दांड्याला उभे दाते! यावर युक्ती अशी की, जुन्या क्लचप्लेटीचा मधला दातेरी गाभा कापून घ्यायचा. तो गिअरबॉक्सच्या दांड्यावर नेमका बसतोच. त्याला मोटरीच्या मापाची पोलादी कॉलर जोडायची, आणि मोटर धरायला मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट. क्लचला मात्र रजा. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण ओढ देते, गाडी दुसऱ्या गिअरमध्येही सुटते.

मेहुण्यांनी कॉलर वेल्डिंग करून आणली होती. लेथवाल्या मिस्त्रींनी ती चकात धरून डायल गेज लावला. सुई डुलू लागली.

“पंधरा शतांश मिलिमीटर.”

“म्हणजे सूतभरसुद्धा नाही!” मेहुणे खूश.

“सूत सुताराकडं, साहेब. हे मिनिटाला चार हजार फेरे घेणार. आधी आवाज येईल, मग बेअरिंग जाईल, मग तुमचा दांडा.”

वेल्डिंगच्या उष्णतेने तुकडा ओढला गेला होता. मिस्त्रींनी तो बाजूला टाकला. दुसऱ्या गाभ्यावर कॉलर दाबून बसवली आणि दात्यांवरूनच सेंटर धरून मोटरीकडचे भोक पुन्हा बोअर केले. सुई तीनवर स्थिरावली. या कामाला सारी दुपार गेली. पण ती आमची दिवाळीतली सर्वांत चांगली दुपार.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या गाडीत मनास येईल तसा फेरबदल चालत नाही. विजेचा संच पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर झालेला हवा, आणि आरटीओकडे त्याची नोंदही हवी. घरच्या कॉलरीला तिथे कोण विचारतो? मेहुण्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होते. “फाटकाबाहेर काढायची नाही,” एवढेच ते म्हणाले.

पाडव्याला सकाळी सासरे नवे धोतर नेसून पुढे बसले. वहिनी ओवाळून मागे सरल्या.

“अरे, चालू कर की आता!” सासरे करवादले.

तोवर गाडी तुळशीवृंदावनाच्या पलीकडे गेली होती.