खोली चौघांची, घर पाचांचे

गेल्या महिन्यात निपाणीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले. दसऱ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईहून निघणाऱ्या पर्यटन-बोटीवर तीन दिवस जावे, असे त्यांच्या घरात ठरत आहे. घरी माणसे पाच : पतिपत्नी, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि बाहत्तर वर्षांच्या सासूबाई. प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या एजंटाने खोल्यांचा नकाशा व दरपत्रक पाठविले असून एका खोलीत जास्तीत जास्त चार माणसे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भगिनींचा प्रश्न असा, की मुले बरोबर असता खिडकीची खोली घ्यावी की सज्जाची? पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी लिहिले आहे : ‘‘सासूबाई म्हणतात, मी घर सांभाळते, तुम्ही जाऊन या.’’

प्रश्न खिडकीचा आणि सज्जाचा आहे हे खरे. पण आमचे लक्ष त्या शेवटच्या ओळीवरच खिळून राहिले. तिचा विचार ओघाने येईलच.

बेळगाव-निपाणीकडच्या माणसांना बोटीचे काय कळणार, असे कोणी म्हणेल तर त्यास आमच्या मुलखाची माहिती नाही. आम्ही घाटमाथ्यावरचे असलो तरी समुद्राशी आमचे नाते जुने आहे. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. आंबोलीच्या घाटाने गाड्या खाली उतरत आणि बंदरावरचा माल घेऊन वर चढत. निपाणीकरांची वाट राधानगरीवरून फोंडा घाट उतरून देवगडास जाई. त्या रस्त्याला आजही देवगड-निपाणी रस्ता असेच म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. नकाशावरची रेघ बदलली. घाट आणि बंदरे होती तेथेच राहिली.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून पणजीपर्यंत जाणाऱ्या प्रवासी बोटी आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज येतात. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या जात. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. हेलकावणाऱ्या पडावातून लहान मूल वर खलाशाच्या हाती देताना आईच्या पोटात जो गोळा येई, तो ज्याने पाहिला आहे त्यास सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती वाहतूक थांबली.

त्या बोटींवर खोली निवडण्याचा प्रश्न बहुतेकांना नव्हताच. केबिन मूठभरांसाठी, बाकीच्यांनी डेकवर सतरंजी पसरावी, ट्रंका कडेला लावाव्यात आणि त्या कुंपणात मुलांना झोपवावे. तरीही जाणती माणसे जागा धरताना विचार करीत. यंत्राच्या उष्णतेपासून आणि तेलाच्या वासापासून दूर, अगदी नाळेवर नको, अगदी शेपटाशी नको, शक्यतो मधोमध. एवढे शास्त्र त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आज दरपत्रक कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असले तरी समुद्र तोच आहे आणि शास्त्रही तेच आहे.

२०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ या बोटीने मुंबई-गोवा मार्गाला पुन्हा सुरुवात केली. ती सेवा दोनेक वर्षांत थांबली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईहून निघू लागली. १९९० साली बांधलेल्या या बोटीवर सुमारे आठशे खोल्या आहेत. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाची वस्तीच पाण्यावर तरंगते म्हणावयाची. आठशे घरांच्या गावात आपले घर कोणत्या आळीत असावे, हा विचार क्षुल्लक नव्हे.

खोल्यांचे प्रकार मुख्यत्वे चार. पहिली आतली खोली : तिला खिडकी नाही आणि भाडे सर्वांत कमी. दुसरी खिडकीची : काच जाड आणि न उघडणारी. तिसरी सज्जाची. चौथी ऐसपैस, दिवाणखान्यासह. ती घेणारांना आमच्या सल्ल्याची गरज नाही. खिडकीच्या खोलीबद्दल एक विचारून घ्यावे. काही खोल्यांसमोर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात. खिडकीतून समुद्राऐवजी नौकेचे पोट दिसते. अशा खोलीचे भाडे कमी असते. ते कमी का, हे ठाऊक असेल तर तो सौदा वाईट नाही.

आता जागेविषयी. आंबोलीच्या घाटात एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने प्रवास केला आहे, त्यास बोटीचे गणित अर्ध्या मिनिटात समजेल. मागच्या बाकावर धक्का मोठा, मधल्या बाकावर लहान. बोट लाटेवर पुढून मागे डोलते तेव्हा दोन्ही टोके उचलली जातात आणि मध्य त्या मानाने स्थिर राहतो. ती डावी-उजवीकडे कलते तेव्हा पोफळीचे स्मरण करावे : शेंडा हातभर हलतो, बुंधा जागचा हलत नाही. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोगच आपल्या भाषेत आहे. आपल्या पूर्वजांना या विषयाचा अनुभव किती होता याचा याहून वेगळा पुरावा नको. मुलांना गाडी लागत असेल तर बोट लागण्याचा संभव धरूनच चालावे. आले, लिंबू, आवळासुपारी बरोबर असावी. औषध मात्र मुलाच्या वयाप्रमाणे आपल्या डॉक्टरांना विचारूनच न्यावे.

दुसरी गोष्ट आवाजाची. नकाशात आपल्या खोलीच्या वर काय आणि खाली काय आहे ते पाहावे. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली गाण्याबजावण्याचे दालन असेल तर मध्यरात्रीपर्यंत भिंती घुमतात. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती खोली उत्तम. आम्ही एकदा स्वस्त पडते म्हणून ‘कंपनी देईल ती खोली’ या बोलीवर पैसे भरले होते. खोली मिळाली ती अगदी नाळेशी. पहाटे नांगर सोडताना साखळीचा जो खडखडाट झाला, त्याने धाकटा नातू जो दचकून उठला तो पुढल्या दोन रात्री आईला बिलगूनच निजला. वाचलेले पैसे आणि गमावलेली झोप यांचा ताळा आम्हांस अजून जमलेला नाही.

आता सज्जाविषयी. सज्जा म्हणजे मोठ्यांचे सुख आणि लहानांची काळजी. कठडा पुरेसा उंच असतो हे खरे. पण चार वर्षांच्या मुलास खुर्चीवर चढावयास कोणी शिकवावे लागत नाही. सज्जाची खोली घेतलीच, तर तेथील खुर्च्या कठड्यापासून दूर असाव्यात, दाराची कडी मुलाच्या हाताला न पोहोचणारी आहे ना हे पहिल्याच तासात पाहावे आणि मूल सज्जात क्षणभरही एकटे राहू नये. हे तीन दिवस डोळ्यांत तेल घालून साधणार असेल तरच सज्जा घ्यावा. नाहीतर वरचा मोकळा डेक सर्वांचाच आहे. त्याला वेगळे भाडे नाही.

चौघांच्या खोलीत दोन बिछाने खाली असतात आणि उरलेले दोन बहुधा भिंतीतून किंवा छतातून उघडणारे, आगगाडीच्या बर्थसारखे. सहा वर्षांखालील मुलास वरच्या बर्थवर निजवू नये. म्हणजे धाकटा खाली आणि घरातील कोणी मोठे वर, असा हिशेब आधीच करून ठेवावा. शिडी चढण्याची सवय वडिलांना आहे काय, हेही विचारावे! आतल्या खोलीत दिवा मालवला की दिवस-रात्रीचे भान राहत नाही. मुले दुपारी गाढ झोपतात ही सोय आणि रात्री घाबरून उठतात ही गैरसोय. लहानसा रात्रीचा दिवा बरोबर असावा. न्हाणीघर अगदी आटोपशीर असते आणि त्याच्या दाराला बहुधा उंचवटा असतो. मुलांच्या बोटांना आणि वडीलधाऱ्यांच्या पायांना तेथे जपावे.

आता ‘जास्तीत जास्त चार’ या अटीकडे येऊ. पाचवे माणूस खाली चटई टाकून निजेल, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. लग्नघरात ते चालते, बोटीवर चालत नाही. बोटीवर माणसे किती असावीत हे जीवरक्षक नौका आणि जाकिटे यांच्या हिशेबाने ठरते. १९१२ साली ‘टायटॅनिक’वर सुमारे २,२०० माणसे होती आणि नौकांत जागा होती ती ११७८ जणांची, त्या आघातातून १९१४ चा आंतरराष्ट्रीय सुरक्षा-करार जन्मला. आपल्या घरचे दुःख त्याहून जवळचे आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा डोकी मोजणाऱ्या नियमावर कोणी रागावू नये. उलट खोलीत शिरताच आपली जाकिटे मोजावीत आणि मुलांच्या मापाची आहेत ना ते पाहावे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ फुटली तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या उतारूंना संकटकाळी कोठे जमावे याची तालीमही मिळालेली नव्हती. आता बोट निघण्यापूर्वी किंवा निघताच ती तालीम घेतात. कंटाळवाणी वाटली तरी ती मुलांसह करावी.

नियम मान्य केला म्हणजे सासूबाई घरी राहिल्या असे मात्र होत नाही. पाच माणसांस एक खोली पुरत नसेल तर दोन लहान खोल्या घ्याव्यात, हे त्याचे सरळ उत्तर आहे. भाडे बहुधा दोन माणसांवर बेतलेले असते आणि तिसऱ्या-चौथ्यास ते कमी पडते, म्हणून एक खोली नेहमी स्वस्त दिसते. परंतु सज्जाची एक खोली आणि आतल्या दोन, किंवा आतली एक व खिडकीची एक, असे आकडे एजंटाकडून लेखी मागवून शेजारी शेजारी ठेवावेत. सज्जा सोडला तर अंतर वाटते तितके राहत नाही, असा आमचा अनुभव आहे. मधून दार असलेल्या जोडखोल्या मिळाल्या तर उत्तमच. न मिळाल्यास समोरासमोरच्या घ्याव्यात. एका खोलीत आईवडील आणि धाकटा, दुसरीत आजी आणि नात. प्रत्येक खोलीत एक तरी मोठे माणूस हवे, ही बहुतेक कंपन्यांची अटही त्याने पुरी होते. आजींची खोली लिफ्टपासून फार दूर नसावी आणि अगदी लगतही नसावी. सज्जाचे पैसे कठड्याला देण्यापेक्षा आजीच्या बिछान्याला द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन किरकोळ सूचना. आपल्या कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची सुट्टी असते, ती पावसाळ्यानंतरची म्हणून सोयीची. तथापि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ उठू शकते. २०२१ च्या मे महिन्यातील ‘तौक्ते’ कोणी विसरलेले नाही. तेव्हा सफर रद्द झाल्यास पैसे परत कसे मिळतात हे आधी वाचावे. दुसरे म्हणजे नावे. सीमाभागात एकच आडनाव एका कागदावर मराठीवरून इंग्रजीत गेलेले असते आणि दुसऱ्यावर कन्नडवरून. ओळखपत्रावर जे अक्षर, तेच तिकिटावर हवे; मुलांच्या आणि आजींच्या बाबतीत विशेषेकरून.

शेवटी त्या ओळीकडे. ‘‘मी घर सांभाळते, तुम्ही जाऊन या’’ हे आमच्या आईनेही एकदा म्हटले होते आणि आम्ही ते खरे मानले. पुढच्या खेपेला नेऊ, असे आम्ही म्हणालो. ती खेप आली नाही. आम्ही परत आल्यावर तिने बोटीविषयी जे प्रश्न विचारले, त्यांवरून तिला किती यावयाचे होते ते आमच्या ध्यानात आले. नको म्हणणे हे त्या पिढीचे वळण आहे. ते प्रत्येक वेळी उत्तर असतेच असे नाही.

म्हणून भगिनींनी खोलीचे पैसे भरण्यापूर्वी सासूबाईंना एकदा निवांत विचारावे : लहानपणी घाट उतरून देवगडास कधी गेला होता का, पडावात बसला होता का, बोट लागली होती का? ‘होय’ म्हणाल्या, तर घरात बोटीची जाणकार एकच आहे असे समजून नकाशा त्यांच्यापुढेच ठेवावा. ‘नाही’ म्हणाल्या, तर दुसरी खोली घेण्यास तेवढे कारण पुरे आहे. आणि गुडघे दुखतात, खरोखरच नको, असे त्या म्हणाल्या तर तेही मानावे. पण तो निर्णय त्यांचा असावा, दरपत्रकाचा नसावा.

काय ठरले ते आम्हांस अवश्य कळवावे.